मीराबाईंचं आतडं

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीत मीराबाई रामटेके खानावळ चालवत. पुढच्या खोलीत चार टेबलं, लांब बाकं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर. जेवायला बावीस माणसं येत. त्यातली बहुतेक नोकरीसाठी किंवा शिकायला बाहेरगावाहून आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी. मीराबाईंचं वय चोपन्न. नवरा प्रेमानंद बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत लूमवर होता. एकुलती मुलगी लग्न होऊन भंडाऱ्याला गेली होती.

मीराबाई स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवत, तेही ओट्याशी उभ्यानं. पाच मिनिटांत ताट रिकामं. एक घास तोंडात असतानाच दुसरा हातात तयार असे आणि डोळे गॅसवर. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी प्रेमानंदनं बाजारातून रोहू आणली. खानावळीत मासे होत नसत, हे घरापुरतं. दुपारची पंगत उठल्यावर मीराबाईंनी रस्सा भातावर ओतला आणि नेहमीसारखं जेवल्या. घशात काहीतरी टोचलं. त्यांनी कोरड्या भाताचा एक मोठा घास गिळला, टोचणं थांबलं, आणि त्या भांडी आवरायला लागल्या.

काटा पोटात गेला होता. बोटाच्या पेराएवढा, दोन्ही बाजूंनी टोकदार. असे काटे बहुतेक वेळा काही न करता बाहेर पडतात. हा काटा जठरातून निघाला, वीसेक फुटांच्या लहान आतड्यातला जवळजवळ सगळा रस्ता त्यानं पार केला, आणि मोठं आतडं सुरू होण्याच्या जरा अलीकडे आडवा होऊन आतड्याच्या भिंतीत घुसला. हे सगळं नंतर कळलं. त्या आठवड्यात मीराबाईंना एवढंच कळत होतं की बेंबीच्या उजवीकडे, खाली, दुखतंय.

त्यांनी ओवा खाल्ला. मग ॲसिडिटीची गोळी घेतली. सहाव्या दिवशी ताप आला.

"चाल दवाखान्यात," प्रेमानंद म्हणाला.

"आज कशी येऊ? बावीस माणसाईचा सैंपाक कोण करन?"

"एक दिवस उपाशी राह्यले तं मरत नाहीत."

"उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळता मळता त्या खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. पोट पाटासारखं कडक झालं होतं. प्रेमानंदनं ऑटो बोलावला. दवाखान्यात तरुण सर्जननं पोटाला एकदाच हात लावला आणि नर्सला ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं. आतड्याला भोक पडून आतली घाण सगळ्या पोटात पसरली होती.

शुद्धीवर आल्यावर मीराबाईंना पोटावर उजव्या बाजूला एक पारदर्शक पिशवी चिकटवलेली दिसली. ऑपरेशननंतरचं रक्त-पाणी जायला नळी लावतात, तसलं काही असेल असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी पिशवीत पातळ, हिरवट पिवळं पाणी आलं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी समजावलं: आतड्याचा खराब झालेला तुकडा कापला आहे, पोटात इतका जंतुसंसर्ग असताना टाके धरले नसते, म्हणून आतड्याचं तोंड पोटावर आणून शिवलं आहे. चार-पाच महिन्यांनी परत आत जोडून देऊ. डॉक्टर बराच वेळ बोलत होते. मीराबाईंनी 'आतडं बाहेर' एवढंच ऐकलं.

पिशवी बदलायला शिकवायचं काम सुमती सिस्टरचं होतं. पन्नाशीची जाड बाई, आवाज मोठा, हात मात्र हलके. त्यांनी पडदा ओढला, पिशवी अलगद सोडवली आणि ओल्या कापसानं भोवतालची जागा पुसली. मीराबाई छतावरच्या पंख्याकडे पाहत होत्या.

"मावशी, पाहा तं."

"मी नाही पाहत."

"नका पाहू. पण घरी गेल्यावर हे तुम्हालेच कराचं आहे. की तुमचे मिस्टर करतील?"

पलंगाजवळ उभा असलेला प्रेमानंद एक पाऊल मागे सरकला. ते मीराबाईंनी पाहिलं. मग त्यांनी मान खाली वळवली.

मोठ्या बोरापेक्षा जरा मोठा, लालभडक, ओला गोळा होता. गालाच्या आतल्या बाजूला असते तसली कातडी. मधोमध भोक. त्या पाहत असतानाच तो थोडा आखडला, परत सैल झाला.

"हालून राह्यलं हे," मीराबाई म्हणाल्या.

"हालणारच. तुम्ही झोपल्या तरी हालते. अन्न पुढं ढकलाले आतमधी सगळं आतडं असंच हालत राहते. आपल्याले दिसत नाही, एवढंच."

"दुखन काय, हात लावला तं?"

"लावून पाहा."

मीराबाईंनी तर्जनी लावली. बोटाला ऊब लागली, ओल लागली. आतड्याला काहीच कळलं नाही. आपल्याच अंगाला आपण हात लावला आणि अंगाला ते समजलं नाही, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा झालं. त्यांनी बोट झटकन मागे घेतलं.

"आतडं ताणलं तं दुखते, मुरडा आला तं दुखते," सुमती सिस्टर म्हणाल्या, "पण कापलं, खरचटलं तं समजत नाही. म्हणून जपाचं. आता कात्री घ्या."

पिशवीच्या चिकट चकतीला बरोबर मापाचं भोक पाडायचं, हे त्या दिवशी त्या शिकल्या. मोठं पडलं तर पाझरलेलं पाणी कातडीला लागतं आणि कातडी भाजल्यासारखी होते. 'काहून?' म्हणून मीराबाईंनी विचारलं.

"ते पाणी साधं नाही. त्याच्यात पाचक रस आहेत, अन्न फोडणारे. त्याइले काय माहीत, हे अन्न आहे की तुमची कातडी आहे?"

"मंग जेवलेलं अंगाले कसं लागन? सगळं तं इथूनच बाहेर येऊन राह्यलं."

सुमती सिस्टरनं हातमोजे काढले आणि स्टूल ओढून बसल्या. हा प्रश्न त्यांना आवडलेला दिसला. "लागते ना. इथपर्यंत येतवरी मुख्य काम होऊन जाते. जठरात अन्न घुसळून पातळ होते. मंग लहान आतड्यात पित्त येते, स्वादुपिंडाचा रस येते. भात असो की वरण, सगळं इतकं बारीक होते की आतड्याच्या भिंतीतून सरळ रक्तात जाते. उरलेल्यातलं पाणी आणि मीठ ओढून घ्याचं काम मोठ्या आतड्याचं. ते आता सुट्टीवर आहे."

"लोकाईले सांगावं लागन काय?"

"तो तुमचा प्रश्न, मावशी. मी नाही सांगणार."

घरी येताना ऑटोमध्ये ठरलं. कोणी विचारलं तर हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणायचं. प्रेमानंदनंच हा शब्द शोधला. त्याच्या लूमवरच्या एकाचं झालं होतं आणि त्याबद्दल पुढे कोणी काही विचारत नाही, हे त्याला माहीत होतं.

खानावळ महिनाभर बंद राहिली. त्या काळात मनोहरराव दोनदा दाराशी येऊन गेले. ते एकाहत्तर वर्षांचे, जिल्हा कार्यालयातून रेकॉर्ड कीपर म्हणून निवृत्त झालेले, मागच्या गल्लीत स्वतःच्या घरात एकटे राहत. मुलगा हैदराबादला. तीन वर्षांपूर्वी बायको वारली आणि दोन आठवड्यांनी ते पहिल्यांदा खानावळीत आले. त्या दिवशी दारात उभे असताना त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली, मग बाकांवर बसून जेवणाऱ्यांवर. ते क्षणभर तसेच थांबले. मग चपला काढून आत येऊन बसले. तेव्हापासून त्यांनी एकही वेळ चुकवली नव्हती. त्या थांबण्याबद्दल मीराबाई कोणाशी बोलल्या नाहीत, पण विसरल्याही नव्हत्या.

"कधी सुरू करताय?" मनोहररावांनी दोन्ही वेळा विचारलं.

"गुढीपाडवा झाला की," आतून मीराबाई म्हणाल्या.

त्या महिन्यात त्यांनी आपलं पोट ओळखून घेतलं. सकाळी नऊला जेवलं की दुपारी एक-दोनच्या सुमाराला पिशवी भरू लागे. बीट खाल्लं तर चार-पाच तासांनी पाणी लाल येई. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा त्यांना ते रक्त वाटलं आणि त्यांनी सुमती सिस्टरला फोन केला. "काय खाल्लं?" एवढंच सिस्टरनं विचारलं. मक्याचे दाणे, शेंगदाणे, संत्र्याच्या फोडीची पातळ साल यांना मनाई होती. तोंड अरुंद, अडकलं तर पंचाईत. एकदा वाटाण्याची उसळ खाल्ली तर वाटाणे जसेच्या तसे पिशवीत आले, साबूत. मीराबाई बराच वेळ त्या वाटाण्यांकडे पाहत राहिल्या. चावले नव्हते, म्हणून आत गेल्यावरही कोणी त्यांना काही केलं नव्हतं. पुढच्या जेवणापासून त्या खाली बसल्या, मांडी घातली आणि एकेक घास तोंडातच पातळ होईपर्यंत चावू लागल्या. जेवायला अर्धा तास लागू लागला. प्रेमानंदचं ताट संपे, तो हात धुऊन येई, तरी त्यांचं चाललेलं असे.

दिवसातून पाच-सहा वेळा पिशवी रिकामी करायची, चार दिवसांनी बदलायची. दुसऱ्या महिन्यात प्रेमानंद एकदा न बोलावता मोरीच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय पाह्यजे?" त्यांनी विचारलं.

"कात्री धरू काय?"

"धरा."

त्यानं चकतीला भोक पाडलं. गोल बरोबर आला. कापड कापायची सवय असलेला हात होता. तेव्हापासून भोक पाडायचं काम त्याचं झालं.

एप्रिलमध्ये खानावळ सुरू झाली. बावीसपैकी सतरा जण परत आले, पाच नवे मिळाले. मीराबाई आता नऊवारी सोडून सैल गाऊन घालू लागल्या आणि वरून ओढणी. अडचण आवाजाची होती. बाहेर आलेलं आतडं मनाला येईल तेव्हा गुरगुरतं, त्याला दाबून धरायला स्नायू नसतो. एकदा त्या मनोहररावांना वरण वाढत असताना ते मोठ्यानं वाजलं. मनोहररावांनी मान वर केली. मीराबाईंनी पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटली आणि पुढे सरकल्या.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला. दोन शेगड्यांसमोर त्यांना घाम येई, तहान लागे, आणि त्या लोटाभर पाणी पीत. पाणी प्यायलं की पिशवी भरे. पिशवी भरली की आणखी तहान लागे. चौथ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. पाचव्या दिवशी संध्याकाळची पाळी नसल्यामुळे प्रेमानंद घरी होता. मीराबाईंनी त्याला 'भाऊ' म्हणून हाक मारली आणि वडील शेतावरून आले का म्हणून विचारलं. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्यानं मीराबाईंची जीभ पाहिली. ती पांढरी, लाकडासारखी कोरडी पडली होती.

दोन दिवस सलाईन लागलं. रक्तातलं मीठ फार खाली गेलं होतं.

"मी तं पाणी पिऊनच राह्यली होती," मीराबाई म्हणाल्या.

"पाणीच पिलं, तेच तं चुकलं," सुमती सिस्टर चिडल्या होत्या. "नुसतं पाणी जितकं प्याल तितकं बाहेर येईन, आणि येताना अंगातलं मीठ घेऊन येईन. पाण्यात मीठ आणि साखर दोन्ही पाह्यजेत. साखर आतड्यातून आत जाते, मिठाले सोबत नेते, मंग त्याइच्या मागं पाणी जाते. त्याइच्याशिवाय पाणी आत शिरत नाही. ओआरएसची पाकिटं कशाले दिली होती मी?"

"ते मले वाटलं, हगवण लागली तं प्याचं."

"तुम्हाले आता रोजच लागली आहे असं समजा."

मीराबाईंनी ओआरएसची बाटली फिल्टरशेजारी ठेवली आणि त्यातून घोट घोट पिऊ लागल्या. खानावळीतल्या लोकांना वाटलं, उन्हाळा आहे.

जूनच्या पहिल्या रविवारी पाटवडी-रस्सा होता. त्या दिवशी पंगत मोठी असते, कोणी चुकवत नाही. घामानं पिशवीची चकती सुटत आली होती आणि गर्दीत ते त्यांच्या लक्षात आलं नाही. गार्गीला रस्सा वाढायला त्या वाकल्या. गार्गी गोंदियाची, एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवणारी. वाकताना पोटावर काहीतरी गरम ओघळलं. गाऊनवर हिरवट डाग पसरला आणि वास सुटला. मीराबाईंनी रस्स्याचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि आत गेल्या.  बाहेरून एक ताट सरकवल्याचा आवाज आला, मग बाक ओढल्याचा.

दुसऱ्या दिवशी आठ जण आले नाहीत. संध्याकाळी किराणा दुकानावर प्रेमानंदच्या कानावर आलं की रामटेकेबाईंना आतड्याचा कॅन्सर आहे, आणि दुसऱ्या एकाचं म्हणणं, काहीतरी लागण होणारं आहे.

"बंद करून टाकू," तो घरी येऊन म्हणाला. "ऑपरेशन होतवरी. मंग पाहू."

"काहून? मी काही चोरी केली काय?"

"चोरी नाही गा... पण खाणं आहे हे. लोकाईचं मन असते."

"मनाचं मले माहीत आहे," मीराबाई म्हणाल्या. "मी लहान होती तेव्हा माझी आई लोकाईच्या घरी धान्य निवडाले जाये. निवडलेलं धान्य चाले, आईनं भरलेलं पाणी चालत नव्हतं. त्याइचंही मनच होतं."



मंगळवारी दुपारी चौदा जण होते. मीराबाईंनी सगळ्यांना जेवू दिलं. ताक वाढून झालं, हात धुण्यासाठी पहिला माणूस उठला, तेव्हा त्या खोलीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"दोन मिन्टं बसा. मले सांगाचं आहे."

उठलेला माणूस बसला.

"माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं नव्हतं. माशाचा काटा गिळला, त्यानं आतडं फाटलं. आता माझं आतडं पोटावर काढलेलं आहे, त्याले पिशवी लावली आहे. संडास त्याच्यातून होते. रविवारी ती पिशवी सुटली. कॅन्सर नाही. कोणाले लागत नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टर परत आत जोडणार आहेत. बस, एवढंच आहे. ज्याले पटन त्यानं यावं."

पंख्याचा आवाज येत होता. वीज कंपनीत मीटर रीडिंगचं काम करणारे भैयाजी टेबलाकडे पाहत म्हणाले, "वाईट नका मानू ताई, पण विचारतो. सैंपाक करताना हाताचं काय?"

"विचाराच. पिशवी मोरीत रिकामी करते. साबणानं कोपरापर्यंत दोनदा हात धुते. पिशवी बदलाची असली तं पहाटे बदलते, आंघोळ करते, मंग चुलीजवळ जाते. तुम्ही संडासातून येऊन जेवाले बसता, तेव्हा मी तुम्हाले विचारते काय?"

कोणीतरी हसलं. भैयाजीही हसले, जरा उशिरा.

"दुखतं का काकू?" गार्गीनं विचारलं.

"नाही वं. त्याले काहीच समजत नाही. भोवतालच्या कातडीची आग होते कधी कधी."

मनोहरराव उठले. त्यांनी हात धुतले, पंचाला पुसले आणि चपला घालून गेले. उद्या ते येणार नाहीत, असं मीराबाईंनी गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी ते ठरल्या वेळी, बारा वाजून दहा मिनिटांनी आले. नेहमीच्या जागी बसले. ताट समोर आल्यावर त्यांनी विचारलं, "आज स्वयंपाक कोणी केला?"

"मीच केला, काका."

त्यांनी मान हलवली आणि जेवले. ताटात काही टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. चौथ्या दिवशीही. मीराबाईंना त्या प्रश्नाची आधी चीड आली, मग सवय झाली. प्रश्न विचारून माणूस जेवतो आहे, तर विचारू दे. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी मनोहररावांनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "भाजीत सांबार नाही आज?"

"महाग... नाही, मिळालाच नाही ताजा," मीराबाई म्हणाल्या. संध्याकाळी त्या कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन आल्या आणि वरणातही हिरवागार सांबार बारीक चिरून टाकला.

जुलैच्या मध्यात आतडं जोडायचं ऑपरेशन झालं. आधीच्या मानानं सोपं. दोन टोकं शिवली, आत ढकलली, पोटावरचं भोक बंद केलं. मीराबाईंनी शुद्धीवर आल्याबरोबर उजवीकडे हात नेला. तिथे पट्टी होती, पिशवी नव्हती.

पण आतडं हाताळलं की ते काही दिवस संपावर जातं. ते पुन्हा चालू होईपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, आणि चालू झाल्याची खूण एकच, गॅस सरणं. सकाळी डॉक्टर पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकत आणि विचारत, "गॅस सरला का?" दुपारी सुमती सिस्टर विचारत. संध्याकाळी झाडणारी बाई विचारे. मुलीचा भंडाऱ्याहून फोन येई, तिचाही पहिला प्रश्न तोच. जूनपर्यंत जे झाकून ठेवलं होतं, त्याची आता सगळा वॉर्ड चौकशी करत होता.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं. डॉक्टरांनी जास्त वेळ ऐकलं आणि काही न बोलता पुढच्या पलंगाकडे गेले. ते न बोलणं मीराबाईंना आवडलं नाही. टाके सुटले तर पुन्हा पिशवी, हे त्यांना सांगून ठेवलेलं होतं.

सुमती सिस्टरनं त्यांना च्युइंग गम आणून दिलं.

"हे लहान पोराईचं मी काय करू?"

"चावा. गिळू नका. तोंड चावू लागलं की पोटाले वाटते जेवण येऊन राह्यलं, मंग ते तयारीले लागते."

"पोटाले फसवाचं?"

"हाव."

त्या दुपारी मनोहरराव भेटायला आले. मीराबाई उशीला टेकून च्युइंग गम चावत होत्या. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि कार्यालयात फाइल विचारावी तसं विचारलं, "वायू सरला का?"

"नाही अजून."

"सरेल." ते थोडा वेळ उभेच होते. मग स्टुलावर बसले. "आमच्या हिलाही पिशवी होती. शेवटचे दोन महिने. तिला कॅन्सर होता."

मीराबाईंचं चावणं थांबलं.

"मी कधी पाहिलं नाही. बाई ठेवली होती त्यासाठी. बाई यायची तेव्हा मी बाहेर ओसरीत बसायचो. ही स्वयंपाक करते म्हणायची, थोडा तरी करते. मी करू दिला नाही. स्वयंपाकालाही बाई लावली." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तिच्या हातचं दोन महिने जेवलो असतो."

वॉर्डात दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी नातेवाईक फोनवर मोठ्यानं बोलत होता. 

"बाहेर कुठं जेवून राह्यले सध्या?" मीराबाईंनी विचारलं.

"पोहे करतो."

"दोन्ही वेळ?"

"दोन्ही वेळ."

जाताना त्यांनी नमस्कार केला, हात जोडून, थोडं वाकून. आजवर त्यांनी तसा कधी केला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला मीराबाईंच्या पोटात एक कळ आली, डावीकडे सरकली, खाली गेली, आणि गॅस सरला. लहानसाच, पण नक्की. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं ऐकला आणि सिस्टरला हाक मारली. सुमती सिस्टर आल्या, पोटावर हात ठेवला, म्हणाल्या, "झालं. चालू झालं."

मीराबाईंनी प्रेमानंदला फोन लावला. तो पहिल्या पाळीला होता. पलीकडून शेकडो लूम एकदम चालल्याचा आवाज आला.

"सरला!" मीराबाई म्हणाल्या.

"कोण मेला?"

"कोणी नाही मेलं! गॅस सरला, गॅस!"

"गॅस संपला? मंग दुसरं सिलेंडर लाव ना... तू तं दवाखान्यात आहे ना वं?"

"अहो, माझ्या पोटातला! गॅस सरला!" त्यांचा आवाज वॉर्डच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. टाके ओढले गेले म्हणून त्यांनी पोट धरलं. अख्खा वॉर्ड त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

बराच वेळ नुसता लूमचा आवाज येत राहिला. मग तो कमी झाला. प्रेमानंद शेडच्या बाहेर आला असावा.

"खरंच?" त्यानं विचारलं.

"हाव."

 तो रडत होता, हे मीराबाईंना त्याच्या श्वासावरून कळलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. रडणं त्यांनी त्याचं एकदाच ऐकलं होतं, मुलीच्या पाठवणीला.

"बरं, पाळी करून या," त्या म्हणाल्या. "घाई करू नका."

तो आत परतला तेव्हा शेजारच्या लूमवरच्या बिहारी कामगारानं त्याचे डोळे पाहिले आणि विचारलं, "क्या हुआ भाई? लड़का हुआ कि लड़की?" त्या कामगाराच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून त्याच्या डोक्यात तेच होतं. प्रेमानंदनं त्याला काय झालं ते ओरडून सांगितलं. तो माणूस हसला नाही. त्यानं हात पुसला आणि पुढे केला.

इकडे सुमती सिस्टरनं वाटीतून दोन चमचे पाणी आणलं. मीराबाईंनी ते एकदम गिळलं नाही. तोंडात धरलं, थोडं थोडं आत जाऊ दिलं. संध्याकाळी चहा मिळाला, दुसऱ्या दिवशी भाताची पेज. आठव्या दिवशी त्या घरी आल्या. पहिले दोन-तीन आठवडे फार त्रासाचे गेले, दिवसातून आठ-नऊ वेळा संडासला जावं लागे. पाच महिने रिकामं बसलेलं मोठं आतडं पाणी शोषायला हळूहळू शिकत होतं. मग सहा वेळा झालं, मग चार, मग दोन.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खानावळ उघडली. पहिल्या दिवशी पंधरा जण आले. बारा वाजून दहा मिनिटांनी मनोहरराव आले, बसले, आणि त्यांनी भात दोनदा मागून घेतला.